निवड होण्याआधीचा फ्लेक्स

माझं जाहीर अभिनंदन आयुष्यात एकदाच झालं, आणि तेव्हा अभिनंदन करण्यासारखं काहीही घडलेलं नव्हतं.

आमच्या कोल्हापुरात यात फारसं नवल नाही. इथे बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, कुत्र्याच्या वाढदिवसाचा लागतो, आणि ज्याला गल्लीतला दूधवालाही नावानं ओळखत नाही असा माणूस गॉगल घालून, फोन कानाला लावून, महिनाभर चौकात सगळ्यांच्या डोक्यावर लटकत असतो. खाली पासपोर्ट फोटोएवढे 'शुभेच्छुक' दाटीवाटीनं बसवलेले. (ही माणसं दुसरं काय काम करतात, हे शोधून काढणाऱ्याचाही फ्लेक्स लागेल.) असले निम्मे फ्लेक्स छापणारा जो थोर पुरुष, तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा आहे. म्हणजे माझे दाजी.

आता माझ्याबद्दल. फरसाण आणि खारे काजू बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं नोकरी करत होते. माझं काम मला चांगलं येतं, असं लोक म्हणायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून वाटत आलंय की मला काहीच येत नाही, ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही इतकंच! पगार वाढला की मला वाटायचं, दुसऱ्या कुणाचा तरी चुकून माझ्या खात्यात आला. कुणी कौतुक केलं की मी मागे वळून बघायची, कुणाशी बोलतायत ते. या दुखण्याला इंग्रजीत 'इम्पोस्टर सिंड्रोम' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे आपण तोतया आहोत आणि आज ना उद्या पकडले जाणार, ही कायमची धास्ती.

गंमत म्हणजे ही धास्ती ज्यांना असायला हवी त्यांना कधीच नसते. आमचा मॅनेजर मालकांचा पुतण्या होता. खवट तेल त्याच्या नाकाखाली धरलं तरी तो "मस्त वास!" म्हणायचा. काजू आणि शेंगदाण्यातला फरक त्याला पाकिटावर वाचूनच कळत असावा, अशी मला दाट शंका आहे. पण मीटिंगमध्ये उभा राहिला की माझेच रिपोर्ट असा छाती काढून वाचायचा की मलाही वाटायचं, काय हुशार माणूस आहे!

तर या हुशार माणसानं एके दिवशी जाहीर केलं की कारखाना पुण्याकडे हलवायचा. ज्याला यायचं त्यानं यावं, बाकीच्यांनी घरी बसावं. मुलगी दहावीत, सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, नवऱ्याचं, म्हणजे महेशचं, ऑफिस कोल्हापुरात. पुण्याला जाणं शक्य नव्हतं आणि घरी बसणं परवडणारं नव्हतं. तेवढ्यात एका काजू कंपनीची जाहिरात आली. कारखाना आजऱ्याला, मुख्य ऑफिस शाहूपुरीत, जागा गुणवत्ता प्रमुखाची. महेशनं मला न विचारता अर्ज भरला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. एवढी एकच नोकरी होती जी मिळाली तर आमचं घर जागच्या जागी राहणार होतं. अर्थातच मी म्हटलं, "मी जाणार नाही."

अक्काच्या घरी तातडीची बैठक बसली.

"आगं पण का न्हाय?" अक्का म्हणाली.

"मला ते काम येत नाही."

"मग आत्ता कुठलं करतीस?"

"तेच."

"मग?"

"तेही येत नाही."

अक्कानं महेशकडे बघितलं. "हिला दृष्ट लागली काय ओ? मी सांगतो, मीठ-मोहऱ्या उतरून टाका."

महेश सुशिक्षित असल्यामुळे त्यानं मीठ-मोहऱ्यांऐवजी ऑनलाइन कोर्स घेतला. (मीठ-मोहऱ्या बऱ्याच स्वस्त पडल्या असत्या.) त्यात एक सुळसुळीत केसांची बाई सांगायची की रोज सकाळी कमरेवर हात ठेवून आरशासमोर ताठ उभं राहायचं आणि डोळ्याला डोळा भिडवून म्हणायचं, "मी समर्थ आहे! ही जागा माझीच आहे!" मी तशी उभी राहून दोनदा ओरडले, तर सासूबाई काठी टेकत आल्या.

"कुणासंगं भांडायलीयस?"

"कुणाशी नाही. आरशाशी."

त्यांनी आरशात बराच वेळ निरखून बघितलं. "सोड तिला. गरीब दिसतीया बिचारी."

एवढ्यानं माझा होता नव्हता तो आत्मविश्वास संपला, तेव्हा दाजींनी सूत्रं हातात घेतली. रविवारी मला त्यांनी दुकानात बोलावलं, फ्लेक्सच्या गुंडाळीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसून मुलाखतीची तालीम सुरू केली.

"नाव सांगा."

"वैशाली."

"आवाज न्हाय! हितनं शाहूवाडीपतूर गेला पायजे. पगार किती घेणार?"

"कंपनीच्या नियमाप्रमाणे जो..."

"उठा! नापास!" दाजींनी टेबलावर हात आपटला. "नियम त्यांचा कशाला? काजू काय ते खाऊन बघणार हायत? तूच बघणार न्हवं!"

"दाजी, तुम्ही आजवर किती मुलाखती दिल्यात?"

"एक बी न्हाय," दाजी अभिमानानं म्हणाले. "म्हणून तर कॉन्फिडन्स शाबूत हाय."

मग त्यांनी आवाज खाली आणून मला शास्त्र समजावलं. "हे बघ वैशाली. माणूस आधी मोठा होतो आन् मग त्येचा फ्लेक्स लागतो, हा लोकांचा गैरसमज हाय. आधी फ्लेक्स लागतो. मग लोक रामराम घालाय लागत्यात. मग त्येला सोताला बी पटतं. तुझी निवड झालीया, हे तुला डोळ्यानं दिसलं पायजे. दिसलं की विषय संपला!"

मला वाटलं, दाजी तत्त्वज्ञान सांगतायत. माणसानं दाजींना इतकं हलक्यात घेऊ नये.

मुलाखतीच्या दिवशी मी माझी एकमेव बरी साडी नेसले, जांभळी, काठापदरावर मोर असलेली, आणि महेशच्या स्कूटरवर मागे बसले. शाहूपुरीत शिरेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की कुणी आपल्याकडे बघत नाहीये. वळणावर एका रिक्षावाल्यानं रिक्षा हळू केली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि हात वर केला. "अभिनंदन, ताई!"

"कोण गं हा?" महेश म्हणाला.

"मला काय माहीत?"

पुढे पानाच्या टपरीवरून आवाज आला, "पेढं कुठं हायत, मॅडम?" आणि महेशनं असा करकचून ब्रेक दाबला की माझी फाइल त्याच्या पाठीत घुसली.

समोर मी होते. दहा फूट बाय पंधरा फूट! जांभळ्या साडीतली, अक्काच्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोतली मी. डोळ्यांवर दाजींनी संगणकावरून गॉगल चढवलेला. मागे एक वाघीण जबडा उघडून उभी. (तिच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आत्मविश्वास होता.) वर लाल-पिवळ्या अक्षरांत मजकूर: 'आजऱ्याच्या काजूची एकच राणी! सौ. वैशालीताई यांची गुणवत्ता प्रमुखपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! नाद खुळा!' खाली दहा-बारा शुभेच्छुक, त्यातल्या एकालाही मी जन्मात बघितलेलं नव्हतं. आणि हे सगळं कुठे? कंपनीच्या ऑफिससमोर. अगदी बरोब्बर समोर, म्हणजे मालकांनी खिडकी उघडली की आधी वाघीण दिसावी आणि मग मी.

मी दाजींना फोन लावला.

"बघितलास?" दाजी खुशीत होते. "पहाटं सोता शिडीवर चढून बांधलाय. कसं वाटतंय आता?"

"दाजी, मुलाखत अजून व्हायचीय!"

"व्हईल की! आम्ही निवडणुकीचं बी निकालाच्या आधीच छापतो. दोन्ही पार्ट्यांचं."

"काढा तो! आत्ताच्या आत्ता काढा!"

"आता कसा काढू? मी हातकणंगल्याला हाय, लग्नाची कमान हाय. आन् फुकट छापलाय गं, बिल न्हाय तुला. तू निस्ती वर बघ आन् आत जा!"

मला रडू येत होतं आणि दाजींचा गळा धरावासा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. महेश म्हणाला, "तू वर जा. मी काढतो." नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच अंगमेहनतीचं काहीतरी स्वतःहून करतो म्हटल्यामुळे मी विश्वास ठेवला आणि जिना चढले.

दारातल्या वॉचमननं मला सलाम ठोकला. रिसेप्शनवरच्या मुलीनं उभं राहून खुर्ची पुसली आणि न मागता चहा आणला. बाकीच्या उमेदवारांना पाण्याचा ग्लाससुद्धा नव्हता. तिघं होते. सांगलीचे एक पोक्त गृहस्थ, गडहिंग्लजची एक हुशार दिसणारी मुलगी आणि टाय लावलेला एक तरुण. तिघंही माझ्याकडे बघत होते.

टायवाला म्हणाला, "मॅडम, खाली फोटो तुमचाच ना?"

"छे!" मी म्हटलं. फोटोत गॉगल होता, म्हटलं बघावं खपतंय का.

"साडी तीच हाय," गडहिंग्लजची मुलगी म्हणाली.

मी काठावरचा मोर पदरानं झाकला, तर पदरावर आणखी मोर होते!

सांगलीच्या गृहस्थांनी शांतपणे फाइल पिशवीत घातली. "ठरवूनच ठेवलंय तर आम्हाला एस.टी.चे धक्के खात कशाला बोलावलं? चालू द्या तुमचं." ते उठले. मुलगीही उठली. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावले. "अहो, थांबा! माझी निवड झालेली नाही! देवाशप्पथ सांगते, माझी निवड होण्यासारखी मी नाहीच!"

"आता चेष्टा बी करा गरिबाची," मुलगी म्हणाली आणि खाली गेली.

मी परत येऊन बसले. जन्मभर मला वाटत होतं की मी दुसऱ्याची जागा लाटणारी तोतया आहे, आणि आता रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ते चित्रासकट कळलं होतं. टायवाल्याला आत बोलावलं. थोड्याच वेळात आतून आरडाओरडा ऐकू आला, मग तो टाय सैल करत बाहेर आला आणि माझ्याकडे असं बघून गेला, जणू मी त्याचं पाकीट मारलंय.

मग माझं नाव पुकारलं.

आत मालक होते, पांढऱ्या मिशांचे, आणि त्यांच्याशेजारी पुण्याहून आलेल्या एक मॅडम, ज्या प्रत्येक वाक्याआधी पेन खाली ठेवायच्या आणि नंतर उचलायच्या. टेबलावर पाहुण्यांसाठी काजूची बशी. मागे खिडकी सताड उघडी, आणि खिडकीत मी, वाघिणीसकट.

"बसा," मालक म्हणाले. "तुमची निवड झाल्याचं आम्हाला आज सकाळी खिडकीतनंच कळलं."

"सर, तो माझ्या दाजींनी..."

"छान आहे. आमच्या कंपनीचा बोर्ड एवढा मोठा न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "स्वतःची कोणती बाजू कमकुवत आहे असं तुम्हाला वाटतं?"

कोर्समधल्या बाईनं याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. 'मी कामात फार परिपूर्णता शोधते' असलं काहीतरी शहाजोग. पण तेवढ्यात माझी नजर खिडकीबाहेर गेली. महेश खांबाला मिठी मारून लोंबकळत होता आणि फ्लेक्सचा एक कोपरा सुटून माझ्या फोटोच्या तोंडावर आला होता. खाली टपरीवाला आणि चारपाच माणसं त्याचा पाय ओढत होती.

"नातेवाईक," मी म्हटलं.

मॅडमनी पेन उचललंच नाही. मालक खुर्ची फिरवून खिडकीकडे वळले. खालचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता.

"वो पावणं! बाईमाणसाचा फ्लेक्स फाडाय लाज वाटत न्हाय? जळतंय व्हय?"

"अहो, माझी बायको आहे ती!"

"मग तर लईच वंगाळ! बायकूचं चांगलं झाल्यालं बघवंना व्हय रं?"

"ते कोण?" मालकांनी विचारलं.

"माझे मिस्टर."

"आणि हे बुलेटवरून येतायत ते?"

मी बघितलं. दाजी हातकणंगल्याहून कमान टाकून आले होते. फ्लेक्सला कुणीतरी हात लावल्याची बातमी त्यांना टपरीवरून फोननं पोचली असणार. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ते ओरडत होते, "कोण हाय त्यो? खाली उतर! माझ्या मेव्हणीचा फ्लेक्स हाय!"

"दाजी, मी महेश!"

"तू असशील न्हायतर आणि कोण! आधी उतर!"

तेव्हा माझं डोकं फिरलं. भीती वगैरे सगळी गेली आणि नुसता संताप उरला. दाजींचा, महेशचा, त्या सुळसुळीत केसांच्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा! नोकरी तर गेलीच होती. मी बशीतला एक काजू उचलून तोंडात टाकला. रागात माणूस काहीही खातं.

मी तो रुमालात थुंकला.

"हे पाहुण्यांना देता?" मी म्हटलं. "खवट आहे."

"एक्स्पोर्टचा माल आहे तो," मॅडम म्हणाल्या.

"मग परदेशातून शिव्या येतील. भाजताना घाई झालीय, ओल राहिलीय आत. असाच पॅक केला असेल तर सगळी खेप जाणार. मोडून बघा!" मी दुसरा काजू त्यांच्यासमोर मोडला. "माझा मॅनेजर याला मस्त वास म्हणाला असता. तुम्हाला तसाच माणूस पाहिजे असेल तर टायवाल्याला परत बोलवा, चांगला तडफदार होता. मला कॉन्फिडन्स नाही. पण नाक आहे. येते मी."

आणि मी उठून चालू पडले. खाली जाऊन आधी टपरीवाल्याला, मग दाजींना, आणि शेवटी खांबावरून उतरलेल्या महेशला मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. रस्त्यावरच्या लोकांनी मात्र ऐकून मान डोलावली. एकजण म्हणाला, "फ्लेक्सवर वाघीण उगच न्हाय टाकली!"

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. नोकरी मिळाली होती. मुलीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, महेशचं ऑफिस, सगळं जागच्या जागी राहिलं. घरात सगळे नाचले. दाजी तर असे वावरत होते की नेमणुकीच्या पत्रावर त्यांचीच सही आहे. मी मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट चघळत बसले, की मला का घेतलं? काजूमुळे? का दया आली? का दुसऱ्याच वैशालीला पाठवायचं पत्र माझ्याकडे आलं?

चार-पाच महिने मी कळ काढली. मग एके दिवशी आजऱ्याच्या कारखान्यातून परत येताना गाडीत मालक बरोबर होते, तेव्हा विचारलंच. "सर, खरं सांगा. तुम्ही माझी निवड का केलीत?"

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमचं काजूचं बरोबर होतं. ती खेप आम्ही थांबवली, लई मोठं नुकसान वाचलं. आणि तसं बघायला गेलं तर दुसरं कोण होतं तरी कुठं? दोघं फ्लेक्स बघून घरी गेलेले, तिसरा आत येऊन आमच्याशीच भांडला. तुम्हीच तेवढ्या उरला होता."

यातलं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. शेवटचं मात्र मी शब्द न् शब्द घरी घेऊन आले. महेश समजावून थकला, अक्का म्हणाली, "हिला परत दृष्ट लागली." पण मी ऐकते कसली? उलट त्या रात्री मला बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली. आत्मविश्वास म्हणजे शेवटी काय, तर स्वतःबद्दलची पक्की खात्री. इतकी वर्षं मी तोतया असल्याचा मला नुसता संशय होता, आता मला आत्मविश्वास आला आहे!